इतर परिस्थिती कायम असता

जपाची माळ पूर्ण होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, आणि त्या सकाळी ते बरंच झालं. गिरणीचं शटर एका हातानं वर ढकललं, दुसऱ्या हातात माळ, ओठांतल्या ओठांत नाम, आणि समोर नजर गेली तर वहिदाच्या पाटीवर आठाचा सात झालेला. गहू, ज्वारी, बाजरी, किलोला सात. निळ्या पत्र्यावर पेंटरनं काढलेला पांढरा आठ काळ्या रंगाच्या एका फटकाऱ्यानं झाकला होता आणि त्यावर खडूनं सात. दोन्ही पाट्या एकाच पेंटरनं एकाच दुपारी रंगवलेल्या, आधी तिची, मग माझी, मध्ये आम्ही दोघींनी मिळून त्याला पाजलेला चहा. माझ्या बोटांतला मणी तिथंच थांबला. बोलायची मुभा असती तर मी रस्त्यापलीकडे हाक मारून विचारलंही असतं, काय गं हे, आणि तिनं काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि जे काय मिटायचं किंवा तुटायचं ते तिथल्या तिथं झालं असतं. पण माळ अर्धी राहिली होती. ती पूर्ण केली, तुळशीला पाणी घातलं, काल जात्याखाली सांडलेलं पीठ मुठीत घेऊन कडुलिंबाच्या बुडाशी मुंग्यांना टाकलं, आणि हे सगळं करताना पाठ समोरच्या पाटीकडे ठेवली. तोवर विचारायची वेळ निघून गेली होती. काही प्रश्न पहिल्या क्षणी विचारले तरच साधे राहतात. नंतर त्यांच्यावर साय धरते.

इंदापुरातल्या आमच्या गल्लीत पिठाच्या दोन गिरण्या आहेत, समोरासमोर, मध्ये एक टेम्पो जाईल एवढा रस्ता. दोन्ही मोटारी एकदम सुरू केल्या की खांबावरचा फ्यूज उडतो आणि सगळी गल्ली आमच्या नावानं बोटं मोडते. म्हणून पहिल्यापासून आमच्यात ठरलेलं आहे, मोटार चालू करणारीनं आधी हात वर करायचा. दुसरीनं बघून हात वर केला की मगच बटण दाबायचं. मोटारीनं एकदा वेग धरला की दुसरी सुरू झाली तरी बिघडत नाही. दिवसातून कितीदा तरी आमचे हात असे वर जातात. गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, या बायका दिवसभर एकमेकींना निरोप देतायत. अजान झाली की वहिदा पट्टा थांबवते, आणि ती थांबली की मीही थांबवते, म्हणजे तिला नमाज शांतपणे पढता यावा. माझ्या संध्याकाळच्या दिव्याच्या वेळी ती थांबते. हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही. त्या सकाळीही तिनं हात वर केला, नेहमीसारखाच, कोपरापर्यंत पीठ, बांगड्या मनगटावरून खाली घसरलेल्या, डोक्यावरची ओढणी तोंडाभोवती गुंडाळलेली. तिच्या डोळ्यांत मला काही वाचता आलं नाही. माझाही हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. आणि तिच्या जात्याची घरघर सुरू झाली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा आवाज माझा नाही, दुसऱ्याचा आहे.

आम्ही दोघी बारामतीच्या कॉलेजातल्या. मी लोणी भापकरहून एसटीनं यायची, ती सणसरहून, आणि ज्या दिवशी जिची गाडी आधी येई तिनं खिडकीजवळचा बाक धरायचा. अर्थशास्त्राचे सर उंच, किडकिडीत, बाहीवर कायम खडूची पूड. कुठलाही नियम सांगायच्या आधी ते डोळे अर्धवट मिटून म्हणायचे, "इतर परिस्थिती कायम असता." मला ते आवडायचं. पूजेला बसताना आधी पाणी शिंपडून जागा शुद्ध करतात तसं वाटायचं. आता या चौकोनात वारा नाही, आजारपण नाही, पाहुणे नाहीत, फक्त मागणी आणि पुरवठा. वहिदा माझ्या कानाशी लागून म्हणायची, "इतर परिस्थिती कवा कायम असती गं? आमच्या घरात तर दुपार-संध्याकाळ बदलती." एकदा पूर्ण स्पर्धा शिकवताना सर आम्हाला सरळ मंडईत घेऊन गेले. मेथी विकणाऱ्या बायकांची लांबच लांब रांग, सगळ्यांकडे तीच मेथी. सर म्हणाले, यातल्या एकीनं रुपया वाढवला तर गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे सरकेल, म्हणून इथं भाव कुणाच्याच हातात नाही. मला ते ऐकून फार शांत वाटलं होतं. भाव कुणाच्याच हातात नाही म्हणजे दोषही कुणाचा नाही. वहिदानं मात्र तिथल्या तिथं एका म्हातारीकडून जुडी घेतली, शेजारणीपेक्षा जास्त देऊन, आणि सरांनी का असं विचारलं तर म्हणाली, "तिनं हसून दिली, सर." सरांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. पुढच्या तासाला त्यांनी तिच्यासाठी मक्तेदारीयुक्त स्पर्धा आधीच शिकवून टाकली: माल जवळजवळ तोच, पण गिऱ्हाइकाच्या मनात तो वेगळा.

आणि द्वयाधिकार. दोनच विक्रेते. तो तास मला त्या दिवसांत सारखा आठवत राहिला, गव्हाचा डबा रिकामा करताना, पातेल्यावर झाकण ठेवताना. "हा सगळ्यात अवघड बाजार," सर म्हणाले होते. "शंभर विक्रेते असले की कुणाचंच मन ओळखावं लागत नाही. एकच असला की ओळखायला समोर कुणी नाही. पण दोघे असले की प्रत्येकाला रोज सकाळी समोरच्याकडे बघूनच ठरवावं लागतं. तो भाव उतरवतो. का उतरवतो? त्याच्या मनात काय आहे? पुस्तकानं एकच उत्तर धरलंय, तुम्हाला संपवायला. परीक्षेत तेच लिहा." आम्ही तेच लिहिलं. वहिदाला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, म्हणून मी तिला वडापाव खायला घातला. हेही उलटंच होतं खरं तर. तिनं घालायला हवा होता.

तिचं लग्न इंदापुरात सिकंदरभाईंशी झालं, गिरणी तिच्या सासऱ्यांची. तेव्हा गल्लीत एकच गिरणी. आबा, म्हणजे ते सासरे, प्रत्येक डब्यातून एक मूठ पीठ आपल्या पिंपात टाकत, बोलून नव्हे, हक्कानं, आणि बायका रांगेत उभ्या राहून बघत राहत, कारण जाणार कुठं. "मक्तेदारी मी सुनेच्या बाजूनं बघितली," वहिदा म्हणते, "घरात पीठ कवा इकत आणलं न्हाय, पण त्या पिठाची चपाती गिळताना घशात अडकायची." आबा गेले आणि तिनं पहिल्या दिवशी ते पिंप उचलून आत ठेवलं, त्यात आता ती कोळसे भरते. मीही तोवर लग्न होऊन इंदापुरातच, याच गल्लीत आले होते. हे कारखान्यात पाळीला जायचे, मी घरी, आणि एक दिवस ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या समोरचा गाळा रिकामा हाय. गिरणी टाक."

"तुझ्या समोर?"

"मग काय तुझ्या माहेरी टाकतीस? एक गिरणी असली की माणूस म्हणतं, बंद असंल तर हेलपाटा पडंल, त्यापरीस पेठेत जाऊ. दोन असल्या की म्हणतं, एक तरी चालू असंलच. माणूस गल्लीत तर येऊ दे. आलं की घिऊ वाटून."

हे सरांनी शिकवलं नव्हतं, पण झालं तसंच. पलीकडच्या आळीतूनही डबे यायला लागले. दर एक, हात वेगळे. माझं पीठ बारीक, भाकरी थापताना कड फुटत नाही. तिचं थोडं रवाळ, लाडवाचं बेसन तिच्याकडनंच न्यावं. उपवासाची भगर-राजगिरा माझ्याकडे, कारण मी त्यासाठी वेगळं छोटं जातं धुऊन ठेवते. लग्नाघरचं मोठं दळण आलं की आम्ही अर्धं अर्धं करायचो आणि दोन पिठं एकत्र कालवून द्यायचो. कुणाच्या पोळीत कुणाचा हात होता हे त्या वऱ्हाडाला कधी कळलं नाही.

मोटार बसवायच्या आधी आम्ही दोघी एसटीनं मोरगावला गेलो. ती बाहेर पायरीवर माझ्या चपला राखत बसली, मी आत. गाभाऱ्यापुढे हात जोडले आणि मनात नेम बोलले, माझ्या दारात आलेलं दळण मी परत लावणार नाही, त्याच दिवशी दळून देईन. बाहेर येऊन तिला सांगितलं तर तिनं मी दिलेला प्रसादाचा नारळ खाली ठेवला. "बाजारात असं वचन देत्यात व्हय? वीज गेली तर?"

"ते देवाला कळतं."

"अन् तू आजारी पडलीस तर?"

बस लागली होती, लोक धावत होते, आम्हीही धावलो.

सात झाल्यावर गिऱ्हाईक पलीकडे जायला लागलं. ते एकदम गेलं नाही, आणि तेच जास्त लागलं. पहिले दोन-तीन दिवस बायका गल्लीच्या तोंडाशी थबकायच्या, दोन्ही पाट्यांकडे बघायच्या, मग खाली मान घालून तिकडे वळायच्या. शेजारची कौसल्या, जिचा डबा मी डोळे मिटून ओळखेन, ती डबा पदराखाली झाकून पलीकडे गेली. तो डबा पदराखाली मावत नाही हे तिलाही माहीत होतं. परत येताना मला बघून म्हणाली, "जरा बेसन दळायचं व्हतं, म्हणून," आणि झाकणावरून बाजरीचं पीठ तिच्या चोळीवर उडालेलं. मला तिचा राग आला नाही. एका रुपयासाठी माणसानं रस्ता ओलांडावा यात गैर काही नाही, तोच तर नियम. मला राग यायला हवा होता तो वहिदाचा, आणि तो येत नव्हता, त्याच्या जागी नुसती पोकळी होती, दाढ काढल्यावर जीभ सारखी जिथं जाते तसली. घर चालायला ह्यांचा पगार होता. गिरणी बंद पडली असती तरी आम्ही उपाशी राहणार नव्हतो. मला गिरणी जायची भीती नव्हती. मला समोरची बाई जायची भीती होती. एवढी वर्षं मी जिच्याकडे बघून बटण दाबलं ती पुस्तकातली दुसरी विक्रेती निघाली तर मग ते हात वर करणं कसलं होतं, नुसतं फ्यूजसाठी?

ह्यांनी रात्रपाळीहून येऊन पाटी बघितली, तोंड धुतलं, आणि टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, "तू सहा कर."

"मग ती पाच करंल."

"मग तू चार."

"मग कुणीच दळायचं न्हाय, दोघींनी नुसते हात वर करत बसायचं."

हे हसले. हे हसले की मला कळतं की विषय ह्यांच्यापुरता संपला. माझ्यापुरता तो दुपारभर चालायचा. रिकाम्या गिरणीत बसून मी मागचे सगळे दिवस उलटेपालटे करून बघितले. कुठं दुखावली असेल ती? एकच दुपार सापडायची. मी जात्याशी वाकून खोकत होते, खोकला थांबेना, डोळ्यांत पाणी, आणि ती हातातलं काम टाकून रस्ता ओलांडून आली, माझ्या पाठीवर तिचा पिठाचा हात. "चार महिने बंद ठेव," ती म्हणाली. "तुझी छाती भात्यावाणी वाजती. मोटारीच्या वरनं मला तिथपर्यंत ऐकू येतं."

"दळण घेऊन माणूस आलं तर?"

"माझ्याकडं लावून दे."

"नेम हाय, वहिदा."

तिनं ओढणी झटकली, पिठाचा एक ढग आमच्या दोघींच्या मध्ये उभा राहिला, आणि ती म्हणाली, "बरं. तुझा देव बघंल मग." ते 'बरं' मी नंतर कितीदा तरी ऐकलं. कधी ते रागाचं वाटायचं, कधी दमल्याचं. कधी वाटायचं, माझा देव तिनं माझ्यावर सोडून दिला आणि आपला धंदा बघायला लागली, आणि यात तरी तिचं काय चुकलं?

गिरणी रिकामी असली की तिच्यात दुसरेच आवाज येतात. पत्रा उन्हानं तडकतो. भिंतीवरचं पीठ, जे मोटारीच्या हादऱ्यानं कायम हवेत असतं, ते खाली बसतं. वजनकाट्यावर, गणपतीच्या तसबिरीवर, माझ्या पोथीच्या फडक्यावर. मी फडकं घेऊन ते पुसायची, दुसऱ्या दिवशी कमी बसलेलं असायचं, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. उन्हाची जी तिरीप नेहमी पांढरी, घट्ट, हातात धरता येईल अशी असायची, ती हळूहळू नुसतं ऊन झाली. मला ते उदास वाटायचं. मुंग्यांना टाकायला जात्याखाली मूठभर पीठसुद्धा सांडेना, तेव्हा मी घरातलं नेऊन टाकायला लागले. आणि अशाच एका सकाळी, अंगणात थंडी, मी तुळशीपाशी पाटावर बसलेली, बोट मेरुमण्याला लागलं. मी दचकले. माळ संपली होती. मध्ये कुठं तुटलीच नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून माझी माळ कधी एका दमात झाली नव्हती. दर काही मण्यांनी खोकला यायचा, नाम तुटायचं, मी मनात देवाची माफी मागून पुन्हा तोच मणी धरायची. आज नाम पाण्यासारखं गेलं होतं. मी तशीच बसून राहिले. श्वास आत गेला, खाली गेला, आणखी खाली गेला, जिथं कित्येक महिने गेला नव्हता तिथं जाऊन टेकला, आणि शिट्टी न वाजवता परत आला.

बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून सांगितलं होतं, पिठाची धूळ आहे, ही थंडी तरी गिरणीपासून लांब राहा. घरी मी सांगितलं, थंडीचा खोकला आहे. खरं सांगितलं होतं एकीलाच, परतताना बसमधून, फोनवर. सरांनी विचारलेला प्रश्न मला तुळशीपुढे बसून पुन्हा ऐकू आला. तो भाव उतरवतो. का उतरवतो? तिनं मला गिरणी बंद ठेवायला सांगून बघितलं होतं आणि मी माझा नेम तिच्यापुढे धरला होता. माणूस परत लावायचा नाही, एवढाच माझा नेम. माणूस आलाच नाही तर नेम मोडत नाही. माझ्या देवाशी मी बांधलेली गाठ तिनं सोडली नव्हती, तिला हातही लावला नव्हता. तिनं फक्त गल्लीतून माझ्याकडे येणारी वाट रुपयाभर वाकवली होती. मला हसू आलं आणि त्या हसण्यात खोकला नव्हता म्हणून रडूही आलं.

मी घरातली ज्वारी पाखडली, डब्यात भरली आणि रस्ता ओलांडला. गिरणीवालीनं घरचं दळण दुसऱ्या गिरणीत नेणं म्हणजे न्हाव्यानं दुसऱ्याच्या दुकानात डोकं पुढं करण्यासारखं. काट्यावर बसलेले सिकंदरभाई अर्धवट उठलेच. "वैनी, तुमी? मोटार जळाली का काय?"

"न्हाय, भाई. दळण आणलंय. रांग कुठनं हाय?"

रांगेतल्या बायकांनी आपापले डबे जवळ ओढले. कौसल्या खांबाआड सरकली. वहिदा जात्यापाशी होती, तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डब्याकडे.

"काय हाय?"

"ज्वारी. बारीक दळ. तुझ्यासारखं जाड नको."

"हितं जाडच निघतं. बारीक पायजे तर समोर एक बाई हाय, लई बारीक दळती. पण रुपया जास्त घेती म्हणत्यात."

"म्हणूनच हितं आले."

सिकंदरभाई म्हणाले, "या सातनं आमाला कुठं परवडतंय, वैनी? मी म्हणलं हिला, विजेचं बिल बघ. तर म्हणती, थंडीपुरतं करू, थंडीपुरतं."

वहिदानं त्यांच्याकडे असं बघितलं की ते काट्यावरची वजनं नीट लावायला लागले, जी आधीच नीट होती. मी पुढे होऊन डबा तिच्या हातात दिला. तिचं उजवं मनगट सुजलेलं, त्याला जुन्या ओढणीची पट्टी.

"दर का उतरवला?" मी हळू विचारलं.

"धंदा हाय. गिऱ्हाईक वाढवायचं हाय."

"वाढलं?"

"वाढलं की. हात मोडायला आला."

"सर काय म्हणाले व्हते? समोरचा भाव उतरवतो तो कशाला?"

"संपवायला," ती म्हणाली, आणि ज्वारी वरच्या तोंडात ओतली. "मी तुला संपवायलीय. तेच लिही." मग जात्याच्या आवाजाआड, माझ्याकडे न बघता, "मोठा श्वास घे बघू."

"कशाला?"

"घे म्हणलं ना."

मी घेतला. ती कान देऊन ऐकत होती, एवढ्या घरघरीत, गिरणीवाली जसं जात्याच्या आवाजावरून दगड ऐकते तसं. श्वास गेला आणि आला. "हां," ती म्हणाली, आणि खाली पडणाऱ्या पिठात हात घालून ते किती गरम आहे ते बघितलं. ज्वारी तिनं बारीक दळली होती. पैसे द्यायला गेले तर घेतले, मोजून, सातच्या दरानं. "फुकट न्हाय देत आमी. बाजार हाय ह्यो."

त्या दुपारी मी रिकाम्या गिरणीत बसून सरांनी शिकवलेलं गणित माझ्यापरीनं मांडलं. मी आठावर राहिले तर तिला थंडी संपेपर्यंत साताला दळावं लागेल, मनगटाला पट्टी बांधून, तोट्यात. मी सात केलं तर माणसं परत येतील, मी कुणाला परत लावणार नाही, आणि माझी माळ पुन्हा तुटायला लागेल. गिरणी बंद ठेवली तर नेम मोडेल. ती मला सांगू शकत नव्हती, मी तिला थांबवू शकत नव्हते. दोन विक्रेत्या, एकमेकींकडे बघून ठरवणाऱ्या. सगळं कुठं अडलं होतं? एका रुपयात. माणसं रस्ता ओलांडत होती ती सातासाठी नव्हे, फरकासाठी. आणि फरक खालून पाडता येतो तसा वरूनही पाडता येतो. हे डोक्यात आलं तेव्हा मी एकदम उठून उभी राहिले. पण मग मन कचरलं. ही देवाशी चलाखी तर नाही? दार उघडं ठेवायचं आणि उंबरा उंच करायचा? मी तसबिरीपुढे जाऊन उभी राहिले. गणपती नेहमीसारखाच, ज्याला सगळं माहीत आहे आणि जो सांगणार नाही अशा जाणत्या माणसासारखा. नेमात मी दराचं काही बोलले नव्हते. जो येईल त्याचं दळण त्याच दिवशी दळलं जाईल. छाती बरी झाली की पेंटरचा आठ खाली तसाच असेल. तसबिरीवर त्या दिवशी पिठाचा कणही नव्हता, सोंडेवरचा शेंदूर स्वच्छ दिसत होता. मी तेच उत्तर धरलं.

घरातून चुन्याची वाटी आणली, पाटी खाली काढली, आठावर काळ्या रंगाचा हात फिरवला, आणि रांगोळी काढते तशी मांडी घालून बसून बोटानं नऊ काढला. जरा तिरका आला. हे उठून बाहेर आले होते.

"तिनं कमी केलं म्हणून तू वाढवतीस? हे कुठलं अर्थशास्त्र?"

"बारामतीचं."

ह्यांनी बोट लावून चुना वाळलाय का ते बघितलं. मग म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले व्हते खरं?" मी सांगितलं. हे आत गेले आणि दुपारच्या चहाला मला हाक मारली; चहा ह्यांनीच केला होता, साखर जास्त.

वहिदानं पाटी बघितली तेव्हा मी मुद्दाम शेंगा सोलत बसले होते. ती कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, माझी पाटी वाचली, मग मला वाचलं, आणि परत गेली. दुसऱ्या सकाळी माळ हातात घेऊन शटर वर केलं, तर समोर खडूनं आठ. जुना, नेहमीचा आठ. बायका येत होत्या आणि सरळ तिकडे वळत होत्या, थबकत नव्हत्या, कौसल्येचा डबा उघड्यावर कमरेला होता. जुन्या दरापेक्षा कुणाचा रुपया वाढला नव्हता. सिकंदरभाईंनी काट्यामागून माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, तो सलाम होता की कपाळ बडवणं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऊन वर आल्यावर धोंडाबाई आली. ती गल्लीतली सगळ्यात म्हातारी, डोळ्यांनी अधू, डब्यात कायम बाजरी. ती रस्त्याच्या मध्ये उभी राहून दोन्हीकडे तोंड करत राहिली.

"पोरी, तुझं किती गं?"

"नऊ, आजी."

"अन् तिचं?"

"आठ. तिकडं जा, आजी. स्वस्त हाय."

"नऊ कशापायी?"

"बारीक दळते म्हणून."

"मग बराबर हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे आली. "मला दात न्हाईत. तुझ्याच पिठाची भाकर मला चावती. रुपयासाठी काय हिरड्या बदलू?" सर तिला भेटले असते तर मागणीच्या लवचिकतेचा तास तिथंच संपला असता. तिनं डबा माझ्या पायाशी ठेवला आणि शेंगांच्या सुपाशेजारी टेकली.

मी तोंडाला ओलं फडकं बांधलं. बाजरी ओतली. बटणापाशी जाऊन समोर बघितलं, आणि किती दिवसांनी हात वर केला. वहिदाच्या दारात रांग होती, तिच्या हातात कुणाचा तरी डबा होता. तिनं धोंडाबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एक बोट दाखवलं, एकच दळण. मी मान डोलावली. मग तिनं डबा खाली ठेवला आणि पट्टी बांधलेला हात वर केला. मी बटण दाबलं. मोटार कुंथली, पट्टा सरसरला, जात्यानं वेग धरला. आता ती हात खाली घेईल आणि आपलं जातं सुरू करेल म्हणून मी बघत होते. रांगेतलं कुणीतरी काही म्हणालं, सिकंदरभाईंनी हाक मारली. ती तशीच उभी होती, नजर माझ्या छातीवर, हात वर. धोंडाबाईची बाजरी संपून मी बटण बंद केलं तेव्हाच तो खाली आला.